करंगळीचं मधलं पेर

— नाय नाय, नाव नको काढूस बाय! नाव राहू दे. नाव तर पायजेच हाय. त्याच्या आधीचं ते — हां, तेच, ते 'कै.' — एक अक्षर आन एक टिंब, तेवढंच काढ. झालं, अजून काय नाय. बाकी झाड झकास केलंयस तू. पानं काय, मुळं काय, वरती 'आमचा वारसा' सोनेरी अक्षरात — आमची अबोली खूश होईल बघून. नात माजी, चौथीत हाय. उद्या शाळेत तिला ह्याच्यासमोर उभं राहून बोलायचंय, आमच्या घरात कोन कोन होऊन गेलं, कोन काय करायचं. बाकीच्या पोरांनी पुठ्ठ्यावर फोटो चिकटवलेत, पन आमच्या दिपेशला सगळं मोठंच लागतं — सहा बाय चारचा फ्लेक्स! त्याचाच फोटो बघ ना, गॉगल लावून उभा हाय पूर्वजांच्या खाली, जसं काय त्यांच्या तेजानं डोळे दिपतात. — हसतेस? हस, हस. मी पन हसले काल मोबाईलवर बघून. आन मंग ह्या फांदीवर नजर गेली.

— 'बाय' बोललेलं चालतं ना गो? आमच्यात लाडानं बोलतात, पोरीला, बहिनीला. तू घाटावरची वाटतेस बोलन्यावरून. सातारची? बरं. वैशाली ना? काल दिपेशच्या मोबाईलवर तुजं नाव बघितलं, म्हनून विचारत आले. — फोन? त्याला कशाला फोन? ठेव तो खाली. ऑर्डर त्याची हाय, त्यानं मोबाईलवर अंगठा पाठवून ओके केलंय, समजलं मला. पन मी आई हाय त्याची. खोटं वाटतं? बघ, झाडावरच हाय मी — ती बघ, 'श्रीमती पुतळा', 'कै. नामदेव'च्या बाजूला. फोटोत जरा जाड दिसते, पन मीच हाय. सहा वर्सं झाली, सौ.ची श्रीमती झाले. तर तो पाचला येनार घ्यायला. आता साडेतीन. तुजी मशीन किती वेळ घेते? वीस मिन्टं? मंग बक्कळ वेळ हाय.

— तुजी चूक नाय गो. तू कशाला वाईट वाटून घेतेस? दिपेशनं तुला स्टॅम्पपेपरचा फोटो पाठवला, बोलला ह्यातली नावं टाक. वंशावळीचा कागद तो. आमची जमीन गेली शहरासाठी, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्याचा प्लॉट मिळनार होता, त्यासाठी करावा लागला होता — कोनाला किती पोरं, कोन जितं, कोन मयत. दोन हजार चार साल. ज्याच्यापुढं 'मयत' त्याला तू 'कै.' लावलंस, ज्याचा फोटो नाय त्याच्या जागी समई काढलीस. बरोबरच केलंस. कागदावर हायच तसं — 'सगुणा, मयत, विनावारस.' पन ती मेलेली नाय बाय. माजी ननंद हाय. माज्यापेक्षा दोन वर्सांनी लहान, आन तू तिला समई लावलीस! — नाय नाय, तू नाय लावलीस. असंच बोलले.

— टायपिंग मिस्टेक, हां. तसंच समज. मिस्टेकच.

— दिपेशला सांगितलं ना, काल संध्याकाळीच सांगितलं. जेवत होता. बोलला, "आई, कागदावर तेच हाय, आन फ्लेक्सवर वेगळं कशाला? बिल्डरबरोबर बोलनी चालू हायत, कोन फोटो काढून स्टेटसला टाकतं, कोन बघतं, कशाला नसतं टेन्शन? आत्या काय शाळेत येनार हाय का बघायला?" असं बोलला आन भाकरी मोडली. वाईट नाय गो तो. त्याला वाटतं कागदाला हात लावला की घर पडंल. त्याच घरात त्याचा संसार उभा राहिला ना, त्या प्लॉटवरच्या. त्याला शिकवलं कोनी? मीच. आता नातीला पन मीच शिकवते, आन तिथंच घोळ झाला. ह्या झाडानं नाय झाला, त्याच्या आधीच झाला.

— हात बघ माजा. जवळ ये, बघ. आमच्यात झाड-बिड कोन काढत नव्हतं, बोटांवर असायचं सगळं. चार बोटं, एकेकाची तीन पेरं, म्हंजे बारा पेरं, बारा नावं. अंगठा म्हंजे आपन सोता. अंगठ्यानं एकेकाला शिवत जायचं. पहिलं बोट — पोशा, त्याची बायको बामी, त्यांचा जोमा. दुसरं — जोमाची कमळी, आन त्यांचे दोघं, धाया न राघो. तिसरं — राघोची चांगुना, तिचा हिराजी, हिराजीची जनी, ती माजी सासू. आन करंगळी — तिची तीन पोरं. नामदेव, सगुणा, बंडू. नुसतं नाव नाय हां, नावासंगं एक गोष्ट पन. बामीनं खाडीचं उधान आलं तवा बांध फुटू नये म्हनून सोताच्या लुगड्यात माती बांधून भगदाडात कोंबली. राघो मिठागरात, त्याच्या पायांना खारानं अशा भेगा पडलेल्या की त्यात सुपारी राहायची. पेराला अंगठा लावायचा आन बोलायचं. असं केलं की कोनी हरवत नाय.

हे मला कोनी शिकवलं? सासूनं नाय. सासूला वेळ कुठं होता? सगुणानं शिकवलं. मी लगीन होऊन आले तवा एकोनीसची, दहावी पास म्हनून जरा मिजासीत, आन ती सतराची, शाळेत चौथीच्या पुढं गेली नाय. पडवीत जवळा निवडत बसायचो दोघी, आन ती माजा हात ओढायची — "वयनी, तू शिकलेली ना? मंग बोल बरं, राघोची बायको कोन?" चुकले की करंगळी मुरगाळायची माजी. आन बोलायची, "हे मधलं पेर माजं हाय, विसरायचं नाय. माजं लगीन होऊन मी जाईन, पन पेर इथंच राहील." तर हे जे झाड तू काढलंयस ना — कागदावर फक्त हिराजीपासून खालची नावं हायत, वरची सगळी अबोलीनं तुला सांगितली ना फोनवर? ती मी अबोलीला सांगितली, आन मला सगुणानं. अख्खं झाड तिच्या तोंडचं हाय. आन तिलाच —

— पानी? दे गो. घोटभर दे.

— तर अबोलीला शिकवताना मी काय केलं माहीत हाय? करंगळीवर आले की नामदेव बोलायची आन मधलं पेर सोडून एकदम खाली, बंडू. पटकन. चार-पाच दिवस चाललं तसं. पोरगी हुशार, एक दिवस माजा अंगठा धरून ठेवला. "आजी, मधे कोन?" मी बोलले, रिकामं हाय. ती बोलली, "पेर रिकामं कसं असंल? बोट तुटंल ना." मंग तिच्या बापाच्या मोबाईलवर तो कागद तिनं बघितला, आन नाचत आली — "आजी, मला गावली! सगुणा! तू विसरलीस ना? ती मेली म्हनून तू नाव घेत नाय ना?" वर विचारते, "कधी वारली? टीचरनी साल लिवायला सांगितलंय." मी बोलले, थांब, दूध उतू जातंय, आन आत गेले. गॅसवर काय नव्हतं. ओट्याला धरून उभी राहिले नुसती. आन पोरीला वाटलं आजीला रडू आलं. तिनं काय केलं सांगू? अंगनातल्या अबोलीची दोन फुलं तोडून आनली, देव्हाऱ्यात ठेवली. सगुणाच्या नावानं. नऊ वर्सांची पोर जित्या बाईला फुलं वाहते, आन मी बघते. उद्या ती चारशे लोकांसमोर अंगठा लावून तसंच बोलनार. एकदा पोराच्या तोंडात बसलं ना बाय, की मंग ते खरंच. तिच्या पोरांना पन ती तेच सांगनार. म्हनून आले. रिक्षानं आले, चालत येनार होते, पन वाटलं वाटेत मन फिरंल.

— हां? नाय, पहिल्यांदा नाय झालं असं. तेच तर सांगते. दुसरी वेळ हाय ही.

पहिली वेळ दिपेशच्या लग्नात. बारा वर्सं झाली. आमच्यात लग्नात धवलारीन असते, तुमच्याकडं नसंल. बाईच असते, गानी बोलून लगीन लावते, भटाच्या आधी तिचा मान. आमची बाळाबाय, तवाच सत्तरीची होती, डोळ्यांनी अधू, पन आवाज असा की मांडवाचा कापड हलायचा. तर ती देवांना आवतान देते, आन मंग घरातल्या मेलेल्यांना. एकेकाचं नाव घेऊन — या, मांडवाखाली बसा, पोराचं लगीन हाय, पानसुपारी घ्या. बाळाबाय बोलली, नावं सांगा गो. सांगनाऱ्या म्हाताऱ्या गेलेल्या सगळ्या. मी आन हे पाटावर बसलेलो, देवकाला, उठायचं नाय. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघतात. तवा बंडूभावजींचा रूपेश पुढं आला, हातात मोबाईल — "काय टेन्शन नाय, माज्याकडं लिस्ट हाय!" तोच कागद. वाचायला लागला, आन बाळाबाय एकेकाला बोलवायला लागली.

— ओळखत नव्हता? ओळखत होता ना! आत्या बोलून तिच्या मांडीवर वाढला. पन आमच्यात आत्याला नावानं कोन बोलवतं? 'उरनआत्या.' उरनला दिली म्हनून उरनआत्या. तिचं नाव सगुणा हे एका पोराला माहीत नव्हतं. त्याला वाटलं असंल कोन जुनी. आन वाचलं त्यानं — सगुणा. बाळाबायनं तोंड वर केलं आन बोलवलं. "सगुणाबाय, या गो, मेलेल्या आईच्या मांडीवर बसा, पोराचं लगीन बघा." आन सगुणा उभी होती तिथंच. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात करवलीचा दिवा. पहिलं तर हसली. सगळ्या बायका हसल्या — अगो हिला जितीच पोचवली! मंग तिचं हसू उतरलं. तिनं दिवा खाली ठेवला, रूपेशच्या हातातला मोबाईल घेतला. चौथी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचते, ओठ हलतात तिचे वाचताना. 'म-य-त.' आन पुढं 'वि-ना-वा-र-स.' तिचा पोरगा जेवनाच्या पंक्तीत वाढत होता तवा, भाताची पराती घेऊन.

बँड थांबला नाय हां. कोनाला कळलंच नाय धड. ह्यांनी माज्याकडं बघितलं, पाटावरून. मी वाटीतल्या हळदीकडं बघितलं.

— नाय, भांडली नाय. भांडली असती तर बरं झालं असतं. दिवा उचलला, लगीन लागेपर्यंत हातात धरून उभी राहिली, मंग आत आली, मी होते तिथं, भांड्यांच्या खोलीत. माजे दोनी हात धरले. बोलली, "वयनी, भावांचं जाऊ दे. तुला तरी माहीत नव्हतं ना गो?"

...

— मी बोलले, नाय गो. मला काय माहीत.

— ती कर बाय, ती मशीन चालू कर बाजूची, दुसरं गिऱ्हाईक आलं असंल तर. मला घाई नाय. — नाय आलं? बरं.

बाळाबायला मंग बायकांनी विचारलं, आता काय करायचं, जित्या बाईला मेलेल्यांत बोलावलं. ती बोलली, ह्याला पूजा-बिजा काय नाय. जेनं नाव दिलं, तेनंच तिच्या दारात जाऊन तिला नावानं हाक मारायची. आत्या नाय, ताई नाय. नावानं. ती 'ओ' बोलली की परत आली. सगळ्यांना वाटलं रूपेशनं नाव दिलं, तो पोर काय करनार! मंग ह्यांना वाटलं, कागदावर सही आपली, म्हंजे आपनच दिलं. गेले उरनला. दारात उभं राहून हाका मारल्या — "सगुणा, ए सगुणा." ती घरात होती, टीव्ही चालू होता, पन बोलली नाय. तीनदा गेले. तिसऱ्या वेळी आले ते पायरीवरच बसले, चपला न काढता. नारळी पुनवेला मंग ते सकाळी आंघोळ करून बाहेर ओट्यावर बसायचे, हात असा गुडघ्यावर ठेवून, मोकळा. दुपारपर्यंत. कोन येनार नाय माहीत होतं. मी जेवायला हाक मारायची आन ते बोलायचे, "थांब ना जरा." सहा वर्सं. दर नारळी पुनवेला.

आन बंडूभावजींशी बोलनं सोडलं. प्लॉटची सगळी धावपळ भावजींनी केली होती ना, ह्यांना वाटलं त्यांनीच टाईप करून घेतलं तसं. भावजी शपथा घालायचे — दादा, मी वाचलं पन नाय, वयनीनं घरी आनून दिला कागद, मी सही केली! कोन ऐकतंय? एका भिंतीला लागून दोन घरं, आन सख्खा भाऊ आजारपनात बघायला आला तर ह्यांनी तोंड फिरवलं. हे तसेच वारले.

— काय बघतेस अशी? तू हुशार हायस. दिपेशला पन नाय कळलं बारा वर्सांत, ते तुला —

बरं. ऐक मंग. तू जशी बसलीस ना आता, अशी वाकून, बोटं कीबोर्डवर, तसाच तो बसला होता. पनवेलला, तहसील ऑफिसच्या बाहेर ताडपत्रीखाली टाईप करायला बसायचे तसला एक. भावजी स्टॅम्प आनून देऊन कामावर गेलेले, मी आन हेच फक्त. हे सहीपुरते शिकलेले, म्हनून मी बरोबर. तो विचारत होता पटापट — वडील? मयत. आई? मयत. मुलं किती? तीन. सगुणा, कुठं राहते? ह्यांना त्या ऑफिसात गेलं की बोलायलाच यायचं नाय. म्हनून मी बोलले —

मी बोलले, "ती नाय आता."

म्हंजे इथं नाय. आमच्या घरात नाय, उरनला असते, असं. देवाशप्पथ, तेवढंच होतं माज्या मनात. आपन बोलतो ना, अमका हाय का घरात? नाय आता. त्यानं ऐकलं आन खडाखडा मारलं — 'मयत.' मंग वर न बघता बोलला, मूलबाळ? मी बोलले, ती पन तिकडंच. त्यानं लिवलं 'विनावारस'. मेलीबरोबर पोरं पन गेली असं समजला असंल. एवढीच चूक. ही चूक तर कोनाच्या पन हातून होते, नाय का?

मंग त्यानं कागद काढून वाचून दाखवला. रेल्वेच्या अनाऊन्समेंटसारखा, कोनाला काय कळनार? ह्यांना नाय कळलं. मला कळलं. आन मंग कागद माज्या हातात दिला. मी दहावी पास. मी वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला. बोलले त्याला, भाऊ, हे जरा — तो बोलला, परत टाईप करायचं तर नवा स्टॅम्प, आन साहेब एक वाजता उठतात, मंग पुढच्या आठवड्यात या. मला वाटलं, राहू दे, मागून दुरुस्त करू. खरंच वाटलं. पन खोटं कशाला बोलू तुज्याशी, तू कोन ना मी कोन — दुसरं पन वाटलं. वाटलं, तिची सही लागनार नाय. तीनाचे दोन वाटे होतील. दिपेश तवा दहावीला, एका खोलीत आमी पाच मानसं. हे सगळं एवढ्यात वाटलं, तो चहा ढवळत होता तेवढ्यात. मी कागदावर बोट ठेवलं आन ह्यांना बोलले, इथं करा सही. त्यांनी केली. माजं बोट होतं तिथंच, करंगळी.

म्हनून हाक लागली नाय ना तिला. ह्यांनी तीनदा मारली, कशी लागनार? नाव त्यांनी दिलंच नव्हतं.

...

— नको गो, रडत नाय मी. ह्या रंगांचा वास येतो जरा, डोळ्यांना लागतो. तू कसं बसतेस दिवसभर?

— काढलंस? बघू. हां. कसं मोकळं दिसतंय नाव. सगुणा. आमी बोलताना सगुना बोलतो, पन लिवलेला असा बानाचा 'ण' चांगला दिसतो तिला. आन ती समई काढ. तिथं काय पन टाक. फूल नको. पान टाक.

— काय? नावाच्या आधी काय लावू म्हंजे? ... हो गो. सगळ्यांना काय ना काय हायच, हिचं नुसतं नाव कसं दिसंल? बरोबर हाय तुजं. सौ. लाव. सौ. सगुणा. नाय — थांब. तिचा नवरा तवाच आजारी असायचा, दम्यानं. सौ. की श्री...

मला माहीत नाय गो.

बारा वर्सांत मी तिला — बघ ना, एक 'कै.' काढायला आले, आन काय लावायचं तेच मला माहीत नाय. आन ती पन — दोन वर्सांपूर्वी दिवाळे गावच्या बाजारात बाळाबाय भेटली होती. बोलली, सगुणा पनवेलजवळ करंजाड्याला हाय, लेकाकडं, नव्या बिल्डिंगमदी. सोता होऊन चिठ्ठी दिली हातात, नंबर लिवलेली. आन माज्याकडं बघितलं नुसतं, त्या अधू डोळ्यांनी. तिला माहीत असंल का गो? इथं हाय चिठ्ठी, मोबाईलच्या कव्हरमदी. दोन वर्सं हाय. पन दोन वर्सात काय पन होतं. हाय ना ती? असंल ना?

— नको, दिपेशला नको! तो बोलंल, नाव पन काढून टाका.

— तू लावून दे. माजं बोट नीट पडत नाय आज. नव्वद... हां, खाली सात हाय तो, एक नाय. लाव. थांब — नाय, लाव.

वाजतोय.

— हॅलो? हॅलो, कोन बोलतंय? ... पार्थ? कोन पार्थ रे बाळा? ... सगुणाबायचा नातू? बरं बरं. आजी हाय का रे तुजी? ...

...

नाय? नाय म्हंजे? — नाय म्हंजे काय रे बाळा? नीट सांग मला. नाय आता, म्हंजे कशी नाय? कुठं गेली? ... खाली? भाजीवाला आलाय खाली? ... हां. हां. भाजी घ्यायला गेली. बरं. बरं रे माज्या राजा. नाय, काय नाय झालं, असंच हसले. एक विचारू? आजोबा हायत घरात? ... फोटो हाय. ... हाराचा. कधी रे? ... तू केजीत होतास तवा. बरं.

— श्रीमती लिव, वैशाली. श्रीमती. आमाला कोनी कळवलं पन नाय बघ. कळवतील कशाला? मेलेल्या मानसाच्या घरातनं कोन कळवतं?

— हां बाळा, हाय मी, फोनवरच हाय. कोन बोलतंय सांगू? सांग — नको, थांब. कोन आलं? दार वाजलं? ... आली? नको नको, सांगू नको, मी मंग करते — नाय. नाय, ठेवू नको! दे. दे तिच्या हातात.

मशीन बंद कर गो जरा. पंखा पन.

...

सगुणा.

सगुणा गो.